सुटींतील प्रवास आणि घरांतील संकोच

वार्षिक परीक्षा आटोपून मुलें मोकळीं झालीं आणि बाजारांत आंब्याच्या पेट्या दिसूं लागल्या, म्हणजे बहुतेक सुशिक्षित घरांतून एकच विषय निघतो. तो हा कीं, यंदां सुटींत जावयाचें कोठें? आजोबा-आजींचें मन बदरी-केदाराकडे ओढ घेतें, मुलांना समुद्र हवा असतो, सुनांना आठ दिवस तरी स्वयंपाकघरापासून मोकळीक हवी असते, आणि ज्याच्या खिशाला भार पडावयाचा तो कर्ता पुरुष भाड्याचे व रजेच्या दिवसांचे हिशेब मांडीत बसतो. ह्या वाटाघाटींत गाडी कोणती, उतरावयाचें कोठें, बरोबर दशम्या न्यावयाच्या कीं धपाटे, इथपर्यंत सर्व गोष्टींचा खल होतो. फक्त एका प्रश्नाचा उच्चार होत नाहीं. वाटेंत कोणाला कांहीं झालें तर काय करावयाचें, हा तो प्रश्न. "निघण्याआधींच तोंडांतून अभद्र काढूं नये" असें म्हणून वडील मंडळी तो ओठांवरच थांबवितात.

आपल्या पूर्वजांची रीत याहून निराळी होती. प्रवासाचा मुहूर्त ठरला आणि नेमक्या त्या वेळीं निघणें सोयीचें नसलें, तर सुपारी, अक्षता, वस्त्र असें कांहीं तरी मुहूर्तावर शेजारच्या घरीं नेऊन ठेवीत. ह्यासच 'प्रस्थान ठेवणें' म्हणत. मुहूर्तावर आज कोणाचा विश्वास असो वा नसो, ह्या रीतींतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. मनुष्य उंबरा ओलांडण्यापूर्वींच त्याच्या प्रवासास आरंभ झालेला असे. सोबत कोणाची, मागें घर कोण पाहील, वाटेंत अडचण आली तर कोणाकडे जावयाचें, ह्या सर्वांचा विचार त्या अवधींत होई. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' हा वृत्तांत १९०७ सालीं छापून निघाला. तो ज्यांनीं वाचला असेल त्यांना, झांशीच्या वेढ्यांत जीव मुठींत धरून बसलेले व पुढें वाटेंत नागवले गेलेले हे गृहस्थ आठवत असतीलच. त्या काळीं धोका उघड होता, म्हणून त्याची वाच्यताही उघड होती. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या आगगाडीचें जाळें देशभर पसरलें, आणि आज तर पुण्याहून निघालेला मनुष्य विमानानें व मोटारीनें दुसऱ्या दिवशीं हिमालयाच्या कुशींत जाऊन पोहोंचतो. धोका मात्र नाहींसा झालेला नाहीं; तो डोळ्यांआड झाला आहे, इतकेंच.

अनेक सुट्यांत अनेक कुटुंबें निघतांना व परततांना पाहून आमचें असें मत झालें आहे कीं, एकत्र कुटुंबाच्या प्रवासांत साधनांच्या अभावापेक्षां घरांतला संकोच अधिक घात करितो. आपल्यामुळें सर्वांचा बेत मोडेल म्हणून आजी छातींतील धाप लपविते. परक्या माणसांसमोर कसें बोलावें म्हणून सून पोटांतील दुखणें गिळते. गाडीवानास 'हळू हांक' म्हणावयास पुरुषमंडळी लाजतात. फसवणूक झालेला गृहस्थ घरांत हंसूं होईल म्हणून दोन दिवस गप्प बसतो. घरीं ज्या संकोचाला आपण मर्यादा म्हणून गौरवितों, तोच प्रवासांत कधीं कधीं जिवावर बेततो. त्याला घरींच ठेवून निघावयाचें कसें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

निघण्यापूर्वीची बैठक

तिकिटें काढण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं, आठ-दहा वर्षांच्या मुलांसकट, एकदां एकत्र बसावें. आगगाडीचें आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं खुलें होत असे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. तेव्हां ह्या बैठकीस दोन महिन्यांपूर्वींचा एखादा रविवार योग्य. बैठकींत तीन प्रश्नांचा निकाल लागला पाहिजे: प्रत्येकाची प्रकृति कशी आहे, कोणीं काय सांभाळावयाचें, आणि कोणत्या प्रसंगीं परत फिरावयाचें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्याचें त्यानें स्वतः द्यावें, दुसऱ्यानें त्याच्या वतीनें "त्यांना काय होतंय!" असें म्हणूं नये. साठीच्या पुढील मंडळींनीं, तसेंच मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्या सर्वांनीं, निघण्याच्या महिनाभर आधीं आपल्या डॉक्टरांस प्रकृति दाखवावी आणि जावयाच्या स्थळाचें नांव व उंची त्यांना स्पष्ट सांगावी. "जरा बाहेरगांवीं जातोंय" एवढ्या सांगण्यावरून डॉक्टर तरी काय सल्ला देणार? नुकतेच दिवस गेलेल्या सुनेनें ती गोष्ट निदान सासूच्या कानावर घालावी. तीन महिन्यांपर्यंत वाच्यता न करण्याची चाल घरांत ठीक आहे, उंच डोंगरावर नेणाऱ्या प्रवासांत ती चालणार नाहीं.

नेहमींचीं औषधें प्रवासाच्या दिवसांपेक्षां आठवडाभर अधिक पुरतील इतकीं घ्यावीं आणि दोन निरनिराळ्या पिशव्यांत वांटून ठेवावीं, म्हणजे एक पिशवी हरवली तरी खंड पडत नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या छापाच्या नांवाबरोबर मूळ द्रव्याचें नांवही लिहून घ्यावें. परप्रांतांत तोच छाप मिळेलच असें नाहीं. इन्शुलिन उन्हानें बिघडतें तसेंच गोठल्यानेंही निकामी होतें. म्हणून थंड प्रदेशांत तें सामानांत न टाकतां अंगाजवळच्या पिशवींत ठेवावें.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. सर्व पैसे, सर्व तिकिटें व सर्व ओळखपत्रें एकाच माणसाच्या एकाच पिशवींत, ही आपल्याकडील जुनी पद्धति. ती पिशवी गेली कीं सारें कुटुंब निराधार होतें. पैसे तीन ठिकाणीं असावेत. ओळखपत्राची एक प्रत ज्याच्या त्याच्याजवळ आणि एक मागें घरीं राहणाऱ्यांजवळ असावी. प्रत्येकाच्या खिशांत किंवा कमरेच्या पिशवींत एक चिठ्ठी असावी. तिच्यावर नांव, घरांतील दोघांचे फोन क्रमांक, रक्तगट आणि चालूं असलेलीं औषधें लिहावीं. मोबाईलमध्यें सर्व आहे, असें म्हणणाऱ्यांना आम्ही इतकेंच विचारतों कीं, तो बंद पडला असतां घरच्यांपैकीं कोणाचा क्रमांक तुम्हांला तोंडपाठ आहे? वर्गांत आम्ही मुलांकडून तीस पर्यंत पाढे पाठ करून घेत असूं. त्यांत दहा आंकड्यांची आणखी एक ओळ पाठ होणें कोणत्याही मुलास जड नाहीं. देशांत कोठेंही संकटकाळीं लावावयाचा क्रमांक ११२, आगगाडींतील मदतीचा क्रमांक १३९. हेही मुलांना माहीत असावेत.

ह्याच ठिकाणीं फसवणुकीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. केदारनाथाच्या हेलिकॉप्टरचीं तिकिटें, धर्मशाळांच्या खोल्या, देवदर्शनाचे पास ह्यांच्या नांवानें खोटीं संकेतस्थळें उघडून यात्रेकरूंना लुबाडण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. स्वस्त व ताबडतोब, हे दोन शब्द जेथें एकत्र आले तेथें थांबावें आणि घरांतील दुसऱ्या एखाद्यास दाखवून मगच पैसे भरावेत. एक गोष्ट सर्वांनीं पक्की ध्यानांत ठेवावी कीं, आपल्याला पैसे मिळावयाचे असतील तर त्यासाठीं गुप्त अंक दाबावा लागत नाहीं. तो दाबला कीं पैसे जातातच. इतकें करूनही कोणी फसलाच, तर त्यानें लाज सोडून त्याच क्षणीं १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. लवकर कळल्यास रक्कम मध्येंच अडविण्याचा संभव असतो. संकोचांत गेलेला दिवस चोराच्या पथ्यावर पडतो.

उंचीवरील विरळ हवा

आपल्या घरांतील वृद्धांच्या मनांत जी यात्रा सर्वांत वर असते, तिच्यांतच शरीराची कसोटी सर्वांत कठीण आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच. बदरीनाथ सुमारें ३,१०० मीटर. केदारनाथ सुमारें ३,५८० मीटर. इतक्या उंचीवर हवेंतील प्राणवायूचें प्रमाण एकपंचमांशच असतें, परंतु हवेचा दाब कमी झाल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर समुद्रकांठच्या मानानें सुमारें दोन तृतीयांशच प्राणवायु पदरांत पडतो. शरीर ह्या टंचाईशीं जुळवून घेतें, पण त्यासाठीं दिवस लागतात. ते पैशानें विकत घेतां येत नाहींत. हेलिकॉप्टरनें पाय वांचतात, फुप्फुसें वांचत नाहींत. उलट, पायीं जाणाऱ्यास जो थोडा अवधि मिळतो तोही त्यांत मिळत नाहीं.

ह्यावर वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा कीं, सुमारें ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रींच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच उंचीवर विसांवा घ्यावा. यात्रेचा रस्ता व मुक्काम हे ह्या नियमांत नेहमींच बसतात असें नाहीं. म्हणून गुप्तकाशी, जोशीमठ अशा मधल्या ठिकाणीं एक-दोन रात्री अधिक काढणें, हा त्यांतल्या त्यांत सोपा उपाय. डोकेंदुखी, मळमळ, भुकेचा नाश, झोंप न लागणें, अंग गळून जाणें, हीं पहिलीं लक्षणें. तीं दिसतांच त्या दिवशीं आणखी वर चढूं नये. आणि तीं वाढत असतील तर खालीं उतरावें. बसल्या जागीं धाप लागणें, सारखा खोकला येणें, चालतांना झोंकांड्या जाणें, बोलण्यांत घोंटाळा होणें, ह्यांपैकीं एक जरी चिन्ह दिसलें, तरी सकाळची वाट न पाहतां जवळच्या आरोग्यकेंद्रावर नेऊन खालीं उतरण्याची व्यवस्था करावी. असेटाझोलामाइड नांवाचें एक औषध प्रतिबंधासाठीं देतात; परंतु तें ज्याला त्याला मानवतें असें नाहीं. डॉक्टरांच्या सांगण्यावांचून, सहप्रवाशानें दिलें म्हणून, तें घेऊं नये.

आपल्या आचारधर्मांतील कांहीं गोष्टींचाही येथें विचार केला पाहिजे. इतक्या उंचीवर निर्जळी उपास करणें, पहाटेच्या थंडींत ओलेत्यानें उभें राहणें, किंवा अनवाणी चढण्याचा नवस फेडणें, ह्या गोष्टी सत्तरीच्या शरीरास झेपत नाहींत. आपल्या धर्मशास्त्रानेंच वृद्ध, बालक, रोगी व गर्भिणी ह्यांना व्रतनियमांत सवलत दिली आहे. ती घेण्यांत कमीपणा नाहीं. केदारनाथीं पाणी सुमारें ८८ अंशांवरच उकळतें, म्हणून तेथें डाळ शिजावयास वेळ लागतो आणि पिण्याचें पाणीही खळखळूं लागल्यावर निदान तीन मिनिटें तसेंच उकळूं द्यावें लागतें, हेंही गृहिणींनीं लक्षांत ठेवावें.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथें सांगतों. अकरा माणसांचें घर, तीन पिढ्या. हरिद्वाराहून दोन दिवसांत सर्व मंडळी मोटारीनें बदरीनाथास पोहोंचलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अडुसष्ट वर्षांच्या आजींनीं "आज माझा उपास आहे" असें सांगून पान बाजूस सारलें. कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. धाकट्या सुनेला मात्र आठवलें कीं, आज दशमी, उपास उद्यांचा. तिनें आजींकडे निरखून पाहिलें, तेव्हां त्या भिंतीला धरून चालत होत्या. पण सासऱ्यांसमोर हें बोलावें कसें, ह्या विचारांत तिचा घटकाभर गेला. अखेर तिनें आपल्या दहा वर्षांच्या मुलीला पुढें केलें, आणि त्या मुलीनें सर्वांसमोर विचारलें, "आजी, तुझं डोकं दुखतंय ना?" मग आजींनीं कबूल केलें कीं, रात्रभर डोकें फुटत होतें, मळमळत होतें, पण इतक्या वर्षांनीं सगळ्यांना घडणारी यात्रा आपल्या पायीं अडावी, हें त्यांना नको होतें. तेथील आरोग्यकेंद्रांत त्यांना प्राणवायु दिला, डॉक्टरांनीं त्याच दिवशीं खालीं नेण्यास सांगितलें, आणि दुपारीं दोघे जण त्यांना घेऊन जोशीमठास उतरले. जोशीमठ सुमारें १,९०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशीं एकादशी असून आजींनीं मागून पेजेची वाटी घेतली! ह्या घरांत पैसा होता, गाडी होती, औषधांची पेटी होती. आजी वांचल्या त्या एका सुनेला तिथि आठवली म्हणून आणि एका मुलीनें तोंड उघडलें म्हणून.

हवामानाची गोष्टही उंचीइतकीच महत्त्वाची. १६ व १७ जून २०१३ ह्या दोन दिवसांत अतिवृष्टीनें व केदारनाथाच्या वरील चोराबारी तलाव फुटल्यानें जो प्रलय झाला, त्यांत हजारों माणसें दगावलीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं ही यात्रा आंखूं नये, आणि बेतांत दोन दिवस मोकळे ठेवावेत. परतीचें तिकीट उद्यांचें असलें म्हणजे माणूस दरड कोसळण्याच्या रस्त्यावरही घाईनें निघतो. चारधाम यात्रेसाठीं नांवनोंदणी सक्तीची आहे. तिला कटकट समजूं नये. संकटांत आपल्याला हुडकून काढणाऱ्यांच्या हातीं तोच पहिला कागद असतो.

समुद्र आणि वाहतें पाणी

डोंगरावर वृद्धांस जपावें लागतें, तर पाण्यापाशीं तरुणांस. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ विद्यार्थी बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता, वादळ नव्हतें. म्हणूनच ही घटना विसरतां कामा नये. शांत दिसणारा समुद्रही ओहोटीच्या वेळीं माणसास आंत ओढूं शकतो.

भरती-ओहोटीचें गणित आपल्या घरच्या पंचांगांतच आहे, आणि कोंकणांतील जुन्या माणसांना तें तोंडपाठ असे. तिथीच्या अंकास तीननें गुणून चारनें भागावें. येईल तो आंकडा म्हणजे पूर्ण भरतीची सुमारें वेळ. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. दोन्ही पक्षांत हाच नियम, आणि दिवसा जी वेळ तीच अदमासें रात्रींही. पूर्ण भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद. हा ठोकताळा मुलांकडून करवून घ्यावा; त्यांना मौज वाटेल आणि समुद्राचा आदरही शिकतील. मात्र गांवोगांवीं ह्या वेळेंत थोडाबहुत फरक पडतो. म्हणून शेवटचा शब्द तेथील कोळ्याचा. त्याला विचारावयास संकोचूं नये, आणि तो "आज नको" म्हणाला तर त्याच्याशीं वाद घालूं नये.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचें पाणी परत जातांना कांहीं ठिकाणीं एकत्र होऊन अरुंद व जोरदार प्रवाहानें आंत धांवतें. गंमत अशी कीं, त्या पट्ट्यांत लाटा कमी फुटतात, म्हणून अनोळखी माणसास तीच जागा सुरक्षित वाटते. असा प्रवाह माणसाला पाण्याखालीं ओढीत नाहीं, किनाऱ्यापासून दूर नेतो. बुडणारे बहुधा त्याच्याशीं सरळ झुंजून दमतात व मग बुडतात. त्यांत सांपडल्यास घाबरून किनाऱ्याकडे सरळ पोहूं नये. पाठीवर तरंगावें, हात वर करून मदत मागावी, आणि पोहतां येत असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावें व मग कांठाकडे वळावें. कांठावरच्यांनीं त्याच्यामागें उड्या टाकूं नयेत. दोरी, रिकामा डबा, हवा भरलेली नळी, जें तरंगेल तें फेंकावें. एकामागून एक बुडालेल्या भावंडांच्या बातम्या आपण वाचतों, त्या ह्याच मायेपोटीं घडलेल्या असतात.

धबधबे व नद्या ह्यांचें संकट वरून येतें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. पायाखालीं घोटाभर पाणी असतांना वरच्या डोंगरांत पाऊस पडला कीं, पाणी मिनिटांत वाढतें आणि प्रवाहाच्या मध्यभागीं उभा असलेला मनुष्य बेटावर सांपडतो. पाण्याचा रंग गढूळ झाला, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊं लागल्या, किंवा आवाज वाढला, तर ज्या बाजूस उभे असाल त्याच बाजूस तत्काळ बाहेर पडावें. पलीकडे ठेवलेल्या चपला व डबे आणावयास जाऊं नये. फोटोसाठीं निसरड्या खडपावर उभें राहण्याचा मोह किती घरांना महाग पडला आहे, हें सांगावयास नको.

गाडी, गर्दी व खाणेंपिणें

भाड्याच्या मोटारीचा चालक हा त्या आठ दिवसांपुरता आपल्या कुटुंबांतलाच एक मानावा. त्याचें जेवण झालें कीं नाहीं, रात्रीं तो कोठें निजला, ही चौकशी माणुसकीची तर आहेच, पण आपल्या जिवाचीही आहे. गाडीबाहेर डासांत अर्धी रात्र काढलेल्या चालकाच्या हातीं पहाटे घाटांत अकरा जीव सोंपविणें, ह्याला काटकसर म्हणत नाहींत. रात्रींचा घाटप्रवास टाळावा, मागच्या आसनावरील पट्टेही बांधावेत, आणि 'हळू हांका' हें सांगण्याचें काम निघण्यापूर्वींच एका माणसावर सोंपवावें, म्हणजे सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत नाहींत.

गर्दीचें तसेंच. २५ जानेवारी २००५ रोजीं वांईजवळ मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरीनें दोनशेंहून अधिक भाविकांचे प्राण गेले. १५ जून २०२५ रोजीं तळेगांवजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भारानें कोसळून चौघे दगावले. देव सर्वकाळ तोच असतो. पर्वकाळच्या गर्दींत वृद्धांना व तान्ह्या मुलांना नेऊं नये. गर्दींत सांपडल्यास हात छातीसमोर आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी, लोंढ्याच्या उलट जाऊं नये, तिरपें सरकत कडेला यावें, आणि पडलेली वस्तु उचलण्यासाठीं वांकूं नये. मंदिरांत किंवा स्थानकांत शिरण्यापूर्वीं 'चुकामूक झाली तर येथें यावयाचें' अशी एक जागा सर्वांना दाखवून ठेवावी.

खाण्यापिण्याविषयीं थोडक्यांत. उन्हाळ्याच्या प्रवासांत पोट बिघडणें हा नेहमींचाच प्रकार. त्यांत मूल मलूल होतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. औषधांच्या दुकानांतील क्षारांच्या पुड्या जवळ असाव्यात. त्या नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें पाणी थोडें थोडें पाजीत राहावें. चमचा चहाचा, मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. मूल पाणीही ठेवीत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा गुंगींत जात असेल, तर पुढचें स्थळ विसरून डॉक्टर गांठावा.

परत फिरण्याचा निर्णय

आतां बैठकींतील तिसरा प्रश्न, जो सर्वांत कठीण. परत फिरावयाचें केव्हां आणि तें ठरवावयाचें कोणीं? आमची सूचना अशी कीं, हा निर्णय घरींच करून निघावें. डोंगराच्या पायथ्याशीं किंवा लाटांसमोर तो होत नाहीं, कारण तेथें खर्च झालेले पैसे, घेतलेली रजा व मुलांचीं हिरमुसलीं तोंडें डोळ्यांपुढें असतात. कोणीही एक जण आजारी पडला तर निदान दोघांनीं त्याच्याबरोबर मागें राहावें. स्थानिक अधिकारी, कोळी किंवा डॉक्टर 'नको' म्हणाला कीं चर्चा बंद. आणि घरांतील सर्वांत लहान माणसानेंही "मला भीति वाटते" किंवा "आजीला बरें नाहीं" असें म्हटलें, तर वडिलांनीं त्यावर रागावतां कामा नये. ह्या तीन अटी सर्वांसमोर मोठ्यानें बोलून दाखवाव्यात, आणि त्या घरच्या कर्त्या पुरुषानेंच बोलून दाखवाव्यात. कारण संकोच हा नेहमीं खालून वर पाहणाऱ्यास होतो, आणि तो दूर करण्याचें सामर्थ्य फक्त वर बसलेल्याजवळ असतें.

महाभारतांत दोन प्रसंग आहेत. वनपर्वांत यक्षाच्या प्रश्नास उत्तर देतांना युधिष्ठिर सांगतो कीं, प्रवाशाचा मित्र म्हणजे त्याच्या बरोबरीनें चालणारा तांडा. आणि पुढें महाप्रस्थानाच्या वेळीं, हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन व भीम पडले, तरी तोच युधिष्ठिर मागें न पाहतां पुढें चालत राहिला. आज बदरीनाथापलीकडे माणा गांवीं गेलेल्या यात्रेकरूंना त्याच वाटेची दिशा दाखवितात. तें प्रस्थान देह ठेवण्यासाठींच होतें. त्याला तो नियम शोभला. आपण मात्र पंधरा दिवसांनीं परत येऊन शाळा, कचेरी व देवघरांतील नंदादीप सांभाळावयाचा, अशा बोलीनें निघालेलीं माणसें आहों. आपल्या वाटेवर पुढें चालणाऱ्यानें दर दहा पावलांनीं मागें वळून पाहावें, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीनें चालावें, आणि कोणी थांबला तर सर्वांनीं थांबावें.

ह्या सुटींत ज्या घरीं प्रवासाचे बेत चालले असतील, त्यांनीं एका संध्याकाळीं दिवेलागणीनंतर ही बैठक घ्यावी, आणि तींत प्रथम आजींना बोलूं द्यावें.